घटस्फोट आणि मालमत्ता: घर, दागिने, जमीन आणि कर्ज यांचा निकाल कसा लागतो

लग्न मोडलं की नवऱ्याची अर्धी मालमत्ता बायकोला मिळते, असं अनेकजण धरून चालतात. दुसरीकडे, ‘तुझ्या नावावर काही नाही, तुला काही मिळणार नाही’ या एका वाक्याच्या धाकाने कित्येक बायका वर्षानुवर्षं गप्प बसतात. यातलं एकही खरं नाही. गोवा वगळता भारतात लग्नामुळे पती-पत्नीची मालमत्ता एक होत नाही. जे ज्याच्या नावावर, ते त्याचं. हिंदू विवाह कायदा (१९५५) किंवा विशेष विवाह कायदा (१९५४) यांत ‘संसारात कमावलेलं सारं निम्मं-निम्मं’ असं सांगणारं कलम नाही. घटस्फोटाच्या वेळी पतीच्या मालमत्तेतून पत्नीला वाटा देता यावा, अशी तरतूद असलेलं एक विधेयक २०१० मध्ये आलं होतं. ते २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं, पण लोकसभेची मुदत संपली आणि २०१४ मध्ये ते बारगळलं.

ही मोठी उणीव आहे असं मला मनापासून वाटतं. फ्लॅटच्या हप्त्याची नोंद बँकेत राहते. पण तो हप्ता भरणाऱ्याचा डबा, त्याची मुलं आणि त्याच्या आईवडिलांची दुखणीखुपणी सांभाळण्यात गेलेल्या पंधरा वर्षांची नोंद कुठेच राहत नाही. तरीही आजचा कायदा जसा आहे तसाच समजून घेऊन पावलं टाकावी लागतात. त्यात एक गोष्ट ध्यानात ठेवा: ‘मालमत्तेचं वाटप’ असा एकच अर्ज कुठेही नसतो. स्त्रीधन परत मागण्याची वाट वेगळी, संयुक्त मालमत्तेतला हिस्सा काढून घेण्याची वेगळी, पोटगीची वेगळी आणि राहत्या घराच्या हक्काची वेगळी. कोणती वस्तू कोणत्या वाटेने मागायची हे ठरलं की निम्मं काम झालं.

आधी तुम्हाला कोणता कायदा लागू आहे ते पाहा

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख जोडप्यांना सहसा हिंदू विवाह कायदा लागू होतो. नोंदणी पद्धतीने विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं असेल, तर तो कायदा. मुस्लिम पत्नीसाठी १९८६ चा कायदा आहे. त्यानुसार तिला मेहर (निकाहात पतीने पत्नीला देण्याचं कबूल केलेली रक्कम किंवा वस्तू), लग्नाच्या आधी, लग्नात किंवा नंतर मिळालेल्या वस्तू आणि ‘वाजवी व न्याय्य तरतूद’ मागता येते. ही तरतूद फक्त इद्दतीच्या (घटस्फोटानंतर पत्नीने पाळायच्या ठरावीक मुदतीच्या) काळापुरती नसून तिच्या पुढच्या आयुष्याचा विचार करून, मात्र इद्दतीच्या मुदतीत करायची असते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्पष्ट केलं. ख्रिस्ती जोडप्यांना १८६९ चा कायदा लागू आहे आणि पारशी जोडप्यांना १९३६ चा.

गोव्यात मात्र पोर्तुगीज नागरी संहितेचे कौटुंबिक नियम अजून चालू आहेत. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल, तर तिथे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक समजली जाते आणि घटस्फोटात दोघांना निम्मा-निम्मा हिस्सा मिळतो. सिंधुदुर्ग किंवा बेळगावकडची मुलगी गोव्यात दिली असेल किंवा तिकडची सून इकडे आली असेल, तर लग्न कुठे आणि कसं नोंदलं गेलं हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. बाकीचं बरंचसं गणित त्यावरच ठरतं.

इथून पुढचं लिखाण मुख्यतः हिंदू आणि विशेष विवाह कायद्याखालच्या जोडप्यांना धरून आहे.

कागद गोळा करा, आणि ते भांडण वाढण्याआधी

घर सोडून माहेरी आल्यावर ‘कागद सगळे तिकडेच राहिले’ हे वाक्य वकिलांना रोज ऐकावं लागतं. शक्य असेल तेव्हाच प्रती काढून ठेवा. मूळ कागद पळवू नका. त्याची गरजही नसते, कारण बहुतेक दस्त सरकारदरबारी मिळतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर खरेदीखताची सूची क्रमांक दोन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘इंडेक्स टू’, शोधता येतो. सातबारा, आठ-अ, फेरफार आणि शहरी जागेचं मालमत्ता पत्रक महाभूमीच्या संकेतस्थळांवर मिळतं.

यादीत या गोष्टी हव्यातच: घर आणि जमिनीचे दस्त, सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), गृहकर्जाचं मंजुरीपत्र आणि हप्त्यांचा उतारा, दोघांची गेल्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, पगाराच्या चिठ्ठ्या, बँक खाती, मुदत ठेवी, भविष्य निर्वाह निधीचं पासबुक, विमा पॉलिसी, डिमॅट आणि म्युच्युअल फंडाची विवरणं, गाडीचं आरसी बुक, लॉकरचा तपशील. धंदा असेल तर भागीदारीपत्र आणि जीएसटी विवरणं. दागिन्यांच्या पावत्या नसतात, अशी तक्रार कायम असते. अशा वेळी लग्नाचे फोटो, व्हिडिओ, मानपानाची वही आणि सोनाराच्या जुन्या नोंदी उपयोगी पडतात.

प्रत्येक गोष्टीपुढे चार रकाने करा: नाव कोणाचं, पैसा कोणी आणि कोणत्या खात्यातून दिला, आजची अंदाजे किंमत, त्यावरचं कर्ज. घराच्या किमतीसाठी रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर धरू नका. तो मुद्रांक शुल्काच्या हिशेबासाठी असतो आणि बाजारभावाशी जुळेलच असं नाही. रक्कम मोठी असेल तर नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल घ्या. त्याची फी वसूल होते.

स्त्रीधन

इथे कायदा पूर्णपणे पत्नीच्या बाजूने आहे. लग्नाच्या आधी, लग्नात किंवा नंतर तिला माहेरहून, सासरहून, नातेवाइकांकडून किंवा मैत्रिणींकडून मिळालेली भेट हे तिचं स्त्रीधन असतं. सासूने घातलेलं मंगळसूत्र आणि पाटल्याही त्यात येतात. हिंदू वारसा कायद्याच्या (१९५६) कलम १४ ने स्त्रीच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली आहे. स्त्रीधन म्हणजे पती-पत्नीची सामाईक मालमत्ता नव्हे आणि पतीला त्यावर मालक म्हणून हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं. पती अडचणीच्या वेळी ते वापरू शकतो, पण परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याच्यावर राहते.

‘दागिने सासूबाईंच्या कपाटात सुरक्षित ठेवायला दिले’ असं असेल, तर ते त्यांच्याकडे विश्वासाने ठेवलेले असतात. मागूनही ते दिले नाहीत तर तो फौजदारी विश्वासघात ठरू शकतो. १९८५ पासून सर्वोच्च न्यायालयाची हीच भूमिका आहे. आधी हे भारतीय दंड संहितेचं कलम ४०६ होतं. आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ आहे.

मागणी मात्र नेमकी हवी. ‘माझे सगळे दागिने’ असं अर्जात लिहिलं तर समोरचा म्हणतो, ‘ती जाताना घेऊन गेली.’ प्रत्येक दागिन्याचं नाव, वजन, तो कोणी दिला आणि शेवटी तो कोणाकडे, कुठे होता हे लिहा. दागिने शक्यतो वस्तूच्याच रूपात मागा. ते विकले गेले असतील तर तेवढ्या वजनाच्या सोन्याची आजची किंमत मागा. खरेदीच्या वेळची किंमत मान्य केली तर वर्षानुवर्षांच्या भाववाढीवर पाणी सोडावं लागतं.

ही मागणी दोन ठिकाणी करता येते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या (२००५) कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी स्त्रीधन परत करण्याचा आदेश देऊ शकतात. घटस्फोटाच्या दाव्यातच, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ खाली, लग्नाच्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या सामाईक असलेल्या वस्तूंबद्दलही न्यायालय निर्णय देतं. घरसामान, भांडीकुंडी, फर्निचर, आहेरात आलेला टीव्ही हे या कलमात बसतं. यावर फार शक्ती घालवू नका. जुन्या फ्रिजसाठी दोन तारखा वाया घालवण्यापेक्षा तो सोडून देऊन दागिन्यांच्या यादीवर ठाम राहणं केव्हाही बरं.

पतीला त्याच्या आईवडिलांनी किंवा सासऱ्यांनी स्वतंत्र भेट म्हणून दिलेली अंगठी, घड्याळ किंवा साखळी त्याची. हुंडा म्हणून दिलेलं मात्र, कोणीही घेतलेलं असो, हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या (१९६१) कलम ६ नुसार पत्नीच्या हवाली करावं लागतं.

राहतं घर: खरा पेच इथे आहे

बहुतेक मध्यमवर्गीय जोडप्यांची जवळपास सगळी कमाई एका फ्लॅटमध्ये अडकलेली असते. म्हणून यावर जरा थांबू.

घर एकट्या पतीच्या नावावर असेल आणि पैसाही त्यानेच भरला असेल, तर पत्नीला त्यात मालकी हक्काने वाटा मिळत नाही. तिने आपल्या खात्यातून आगाऊ रक्कम किंवा हप्ते भरले असतील, तर त्या रकमेचा दावा ती पुराव्यासह करू शकते. घर पत्नीच्या नावावर आणि पैसा पतीचा, अशीही पुष्कळ उदाहरणं असतात. महाराष्ट्रात २०२१ पासून स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली आणि असे दस्त वाढले. पतीने आपल्या जाहीर उत्पन्नातून पत्नीच्या नावे घेतलेलं घर बेनामी कायद्याच्या (दुसऱ्याच्या नावावर मालमत्ता घेण्यावरच्या) बंदीत येत नाही, त्यामुळे ‘पैसा माझा होता’ असा दावा करण्याची वाट त्याला मोकळी असते. पण दस्तावर जिचं नाव ती मालक, हे गृहीत धरूनच न्यायालय सुरुवात करतं. तसं नाही, हे सिद्ध करण्याचा भार पतीवर येतो. ती भेट होती असं पत्नीने दाखवलं तर त्याचा दावा टिकणं अवघड.

घर दोघांच्या नावावर असेल तर दस्त नीट वाचा. त्यात हिस्से लिहिले असतील तर ते लागू. लिहिले नसतील तर साधारणपणे निम्मे-निम्मे समजले जातात. हप्ते एकाच्याच खात्यातून गेले म्हणून दुसऱ्याचा हिस्सा आपोआप उडत नाही. अनेक घरांत एकाच्या पगारातून हप्ता जातो आणि दुसऱ्याच्या पगारावर किराणा, शाळेची फी, वीजबिल चालतं. तो खर्च दाखवणारे बँकेचे उतारे जपून ठेवा. हप्त्याइतकंच त्यांनाही महत्त्व आहे.

हिशेब असा मांडतात. समजा फ्लॅटची आजची किंमत ९० लाख आहे आणि ३० लाखांचं कर्ज शिल्लक आहे. म्हणजे हातात येण्याजोगी किंमत ६० लाख. हिस्से समान असतील तर प्रत्येकी ३० लाख. पतीला घर ठेवायचं असेल तर त्याने पत्नीला ३० लाख द्यायचे आणि उरलेलं कर्ज पूर्णपणे आपल्या नावावर घ्यायचं. दस्तात ७०-३० असं लिहिलं असेल तर तिचा आकडा १८ लाख होतो. दोघांपैकी कोणालाच घर पेलणार नसेल तर ते विकून, कर्ज फेडून, दलाली आणि भांडवली नफ्यावरचा कर वजा करून उरलेलं वाटून घ्यायचं. करही दोघांनी आपापल्या हिश्शाप्रमाणे भरायचा असतो. हा खर्च आधीच आकड्यात धरा.

घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असेल तर पती-पत्नी दोघांनाही त्यात मालकी नसते. पण राहण्याचा हक्क ही निराळी गोष्ट आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्यातलं ‘सामाईक घर’ सासरच्या नातेवाइकांच्या मालकीचंही असू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवलं आणि २००६ चा आपलाच उलटा निकाल रद्द केला. म्हणजे सुनेला कायदेशीर मार्ग सोडून घराबाहेर काढता येत नाही. घर योग्य नसेल किंवा वाद फार विकोपाला गेला असेल, तर न्यायालय पर्यायी जागा किंवा भाडं देण्याचा आदेश देतं. हा निवाऱ्याचा हक्क आहे. तो दाखवून घराची किंमत मागता येत नाही.

वडिलोपार्जित जमीन आणि मुलांचा हक्क

पतीच्या वडिलोपार्जित शेतीत पत्नीला जन्मसिद्ध हिस्सा नसतो आणि ती वाटणी मागू शकत नाही. लग्न टिकून असताना बाप-लेकांत प्रत्यक्ष वाटणी झाली, तर आपल्याकडच्या मिताक्षरा पद्धतीत (हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेच्या पारंपरिक नियमांत) पत्नीलाही मुलाइतका हिस्सा मिळतो. घटस्फोट झाल्यावर ती त्या कुटुंबाची सदस्य राहत नाही. पतीची वारस म्हणूनही तिला हक्क उरत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती मोहिमेत ‘बायकोच्या नावाने जमिनीचा तुकडा करा’ असं गावोगावच्या शेतकऱ्यांना सांगितलं, त्याचं मोल अशा वेळी कळतं. ज्यांनी ऐकलं त्यांच्या घरातल्या बाईचं नाव सातबाऱ्यावर लागलं.

मुलांचं वेगळं आहे. आईवडिलांचा घटस्फोट झाला म्हणून मुलगा किंवा मुलगी यांचा वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क जात नाही. ताबा आईकडे असला तरी तो हक्क तसाच राहतो. तडजोडीत ‘मुलांचाही हक्क सोडला’ असं वाक्य घुसडलेलं दिसलं तर सही करू नका. अज्ञान मुलाची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या परवानगीशिवाय कोणी सोडून देऊ शकत नाही. मुलांची पोटगीही आईला परस्पर माफ करता येत नाही.

तडजोडीत शेतजमीन पत्नीच्या नावे करायची ठरली, तर आधी दोन गोष्टी तपासा. ती स्वतः शेतकरी नसेल तर बिगरशेतकऱ्याच्या नावे शेतजमीन करण्यावर बंधन घालणारं कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येऊ शकतं. आणि छोटा तुकडा पाडायचा असेल तर तुकडेबंदीचा कायदा पाहावा लागतो. न्यायालयात ठरलं पण फेरफार नामंजूर झाला, अशी वेळ यातूनच येते.

न्यायिक विभक्ततेचा (लग्न न मोडता वेगळं राहण्याचा) हुकूम झाला तरी लग्न संपत नाही आणि दोघंही एकमेकांचे वारस राहतात. घटस्फोटाचा दावा चालू असताना एकाचा मृत्यू झाला, तरी दुसरा वारस म्हणून हक्क सांगू शकतो.

भविष्य निधी, विमा, शेअर, भागीदारी

ही सगळी रक्कम ज्याच्या नावावर त्याचीच. मात्र पोटगीची रक्कम ठरवताना ती मोजली जाते, म्हणून यादीत असायलाच हवी. विम्यात एक बाब तपासा. पतीने १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पॉलिसी घेतली असेल, तर ते पैसे पत्नी-मुलांसाठीचा विश्वस्त निधी मानले जातात. पती मनाला येईल तेव्हा ते नाव काढू शकत नाही आणि त्याचे धनकोही त्याला हात लावू शकत नाहीत.

कर्ज: तुमच्यातला करार बँकेला बांधत नाही

तडजोडीत ‘पुढचे हप्ते पती भरेल’ असं लिहिलं, न्यायालयाने त्यावर हुकूमनामाही दिला, आणि दोन वर्षांनी बँकेची नोटीस पत्नीच्या नावाने आली. हे होतं, कारण सहकर्जदार म्हणून तिने बँकेशी स्वतंत्र करार केलेला असतो. बँकेच्या दृष्टीने दोघंही पूर्ण कर्जाला जबाबदार असतात. म्हणून घर ठेवणाऱ्याने एकट्याच्या नावावर कर्ज पुन्हा मंजूर करून घ्यावं किंवा दुसऱ्या बँकेत हलवावं, आणि सुटणाऱ्याला सहकर्जदार म्हणून मोकळं केल्याचं लेखी पत्र बँकेकडून मिळावं. हे पत्र येईपर्यंत आपला हिस्सा सोडून देऊ नका. हिस्सा गेला आणि कर्ज राहिलं, तर घर त्याचं आणि थकबाकीचा डाग तुमच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर. नातेवाइकाच्या कर्जाला जामीन राहिला असाल तर तेही सांगा. पुरवणी क्रेडिट कार्डं लगेच बंद करा.

नावावर काही नसेल तर: पोटगीचा मार्ग

ज्या पत्नीच्या नावावर काहीच नाही, तिने संसाराला दिलेल्या वर्षांचा विचार आपल्या कायद्यात प्रामुख्याने पोटगीतून होतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली (विशेष विवाह कायद्यात कलम ३७) एकरकमी किंवा मासिक कायम पोटगी मिळते. दावा चालू असतानाचा खर्च कलम २४ खाली मिळतो. हिंदू विवाह कायद्यात ही मागणी पतीही करू शकतो. दोघांचं उत्पन्न आणि मालमत्ता, लग्न किती वर्षं टिकलं, राहणीमान, वय, प्रकृती, मुलांसाठी कोणी नोकरी सोडली, हे सारं न्यायालय पाहतं. अमुक टक्के असा पक्का नियम नाही. २०१७ च्या एका निकालात पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य मानली गेली. तोच आकडा पुष्कळदा पुढे केला जातो, पण तो फक्त एक अंदाज आहे.

कलम २५ मध्ये एक दुर्लक्षित ताकद आहे. पोटगीच्या रकमेसाठी समोरच्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा चढवण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. तो बोजा सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर नोंदवला की ती मालमत्ता गुपचूप विकणं कठीण होतं. मासिक पोटगी मागताना ही मागणी अर्जात आवर्जून घाला.

पोटगीऐवजी घर किंवा जमीन मिळत असेल तर दस्तातला प्रत्येक शब्द वाचा. पोटगीच्या बदल्यात स्त्रीला मिळालेली मालमत्ता वारसा कायद्याच्या कलम १४ मुळे तिच्या पूर्ण मालकीची होते. पण दस्तातच ‘हयातीपर्यंत राहण्यासाठी’ किंवा ‘विक्रीचा अधिकार नाही’ असं लिहिलं, तर नंतर मर्यादित हक्काचा वाद उभा राहतो. ‘पूर्ण व निर्वेध मालकी हक्काने’ असे शब्द हवेत.

न्यायालयात

कुटुंब न्यायालय कायद्याच्या (१९८४) कलम ७ नुसार पती-पत्नीमधल्या मालमत्तेच्या वादाचे दावेही कुटुंब न्यायालयातच चालतात. कुटुंब न्यायालय नसलेल्या ठिकाणी दिवाणी न्यायालयात जावं लागतं. महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट आणि मालमत्तेच्या अशा वादांत स्त्रियांना १९९४ पासून न्यायालय शुल्क माफ आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यांचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात चौकशी केली की सापडतं.

समोरचा उत्पन्न लपवत असेल तर ‘रजनेश विरुद्ध नेहा’ हा ४ नोव्हेंबर २०२० चा निकाल कामाला येतो. त्यानुसार पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही आपली मालमत्ता आणि देणी शपथपत्रावर, ठरावीक नमुन्यात जाहीर करायची असतात. समोरच्याचं शपथपत्र तुमच्या यादीशी ओळीने ताडून पाहा. इंडेक्स टू मध्ये दिसणारा गाळा शपथपत्रात नसेल तर तो मुद्दा लेखी मांडा. न्यायालय कागद हजर करायला सांगू शकतं आणि खोट्या शपथपत्राबद्दल कारवाईही होते. तुमचं शपथपत्रही तितकंच खरं हवं. नोकरी करत असाल तर लपवू नका, भविष्य निधीच्या एका पासबुकात ते उघडं पडतं.

मालमत्ता विकली जाण्याची भीती असेल तर तिच्यावर मनाईहुकूम मागा. ती मालमत्ताच दाव्याचा विषय असेल तर दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवता येते. मुंबईत आणि राज्याने अधिसूचित केलेल्या भागात अशी नोंदणी केल्याशिवाय नव्या खरेदीदारावर दाव्याचं बंधन येत नाही. हे एक नोंदणीचं काम राहून गेल्याने पुढची कितीतरी वर्षं त्रयस्थ खरेदीदाराशी भांडण्यात जाऊ शकतात.

परस्पर संमती असेल तर अटी अशा लिहा

संमतीचा घटस्फोट हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली होतो: एक वर्ष वेगळं राहणं, अर्ज, मग सहा महिन्यांनी दुसरं निवेदन, म्हणजे संमती कायम असल्याचं न्यायालयाला पुन्हा सांगणं. हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ होऊ शकतात, हे २०१७ पासून ठरलेलं आहे. दुसऱ्या निवेदनापर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून पूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी देऊ नका आणि तशी मागूही नका. काही भाग अर्जाच्या वेळी, उरलेला दुसऱ्या निवेदनाच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने न्यायालयासमोर, ही पद्धत दोघांनाही सुरक्षित.

घराच्या हस्तांतरणाची वेळ साधणं जास्त अवघड. पती-पत्नीमधल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्रावर महाराष्ट्रात नाममात्र मुद्रांक शुल्क लागतं. आयकरातही पती-पत्नीमधल्या भेटीवर कर नाही. पण हुकूमनामा झाला की ती दोघं कायद्याने नवरा-बायको राहत नाहीत आणि या सवलती मागताना वाद होतो. उलट, बक्षीसपत्र फार आधी केलं आणि समोरच्याने संमती मागे घेतली तर नोंदलेलं बक्षीसपत्र सहजी रद्द होत नाही. म्हणून दस्ताचा मसुदा आधी पक्का करा, बँकेचं आणि सोसायटीचं पत्र हाताशी ठेवा, आणि नोंदणी दुसऱ्या निवेदनाच्या अगदी आधीच्या दिवसांत करा. वेगळं राहण्याच्या करारातून ही भेट दिल्याचा उल्लेख दस्तात ठेवा, म्हणजे त्या घराचं उत्पन्न देणाऱ्याच्या उत्पन्नात धरलं जाण्याचा प्रश्न येत नाही. एकरकमी पोटगी हे करपात्र उत्पन्न नाही आणि मासिक पोटगी उत्पन्न ठरते, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये म्हटलं आहे. पर्याय निवडताना हा फरक सनदी लेखापालाकडून आकड्यांत मांडून घ्या.

नुसत्या तडजोडीच्या हुकूमनाम्यावर घर नावावर होईल असं धरून चालू नका. हुकूमनाम्यातली मालमत्ता त्या दाव्याचा विषय नसेल तर नोंदणी कायद्याप्रमाणे तो नोंदवावा लागतो. त्यामुळे अर्जात प्रत्येक मालमत्तेचं वर्णन हवं: गटनंबर किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ, चतुःसीमा, फ्लॅट क्रमांक. शिवाय दस्त नोंदवून द्यायची तारीख आणि ती चुकली तर न्यायालयाच्या अधिकाऱ्याने सही करायची, अशी अट घाला. स्त्रीधनाची वजनासह यादी आणि ती मिळाल्याची पोच अटींनाच जोडा. ‘आता कोणाचं काही देणं नाही’ हे वाक्य शेवटचा ड्राफ्ट वटल्यानंतरच लागू होईल, असं लिहा.

हुकूमनामा हातात आल्यावर

प्रमाणित प्रती दोन-तीन काढा. सोसायटीत भाग दाखल्यावरचं नाव बदला, मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर फेरफार करून घ्या, मालमत्ता कर आणि वीजमीटर नावावर करा, गाडीचं आरसी हस्तांतरित करा. संयुक्त खाती आणि लॉकर बंद करा. भविष्य निधी, विमा, डिमॅट, बँक, सगळीकडचं नामनिर्देशन बदला आणि नवं मृत्युपत्र करा. जुनं नामनिर्देशन आपोआप रद्द होईल असं समजू नका. नॉमिनी मालक नसतो, तरी पैसे आधी त्याच्याच हातात पडतात आणि वारसांना ते परत मिळवायला झगडावं लागतं.

अटी पाळल्या गेल्या नाहीत तर नवा दावा लावायची गरज नाही. त्याच हुकूमनाम्यावर अंमलबजावणीची दरखास्त दाखल करता येते. हुकूमनाम्याच्या दरखास्तीला साधारण १२ वर्षांची मुदत असते. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालच्या, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ च्या पोटगीची थकबाकी एका वर्षाच्या आत मागावी लागते. हप्ता चुकला की त्याच महिन्यात वकिलाला कळवा.